घोडी मागं सरली की

आमच्या घोडीला पकडायला जायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, हात मोकळे सोडायचे, खांदे सैल करायचे, छातीतली हवा सावकाश बाहेर टाकायची आणि वाट बघायची. ती आपणहून पुढं आली तर मानेवर हात ठेवायचा, दावं लावायचं, कामाला न्यायचं. तिनं एक पाऊल जरी मागं टाकलं तरी गुमान पाठ फिरवून घरात यायचं. मग दाराशी वरात खोळंबलेली असो, की नवरदेवाचा बाप शिव्या घालत असो. हा नियम माझ्या नवऱ्याचा. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणत असे, पण मनात तो 'तो'च होता, म्हणून इथंही तसंच लिहिते.

मी औरंगाबाद शहरात वाढलेली. वडील शेती भावावर सोडून नोकरीला आले होते, आणि मुलगी पुन्हा मळ्यात दिली म्हणून माझी आई वर्षभर त्यांच्याशी धड बोलली नाही. मुकुंदवाडी तेव्हा शहरापासून चांगली लांब होती. एक छोटंसं स्टेशन, रुळांपलीकडं ज्वारीची रानं आणि अलीकडं आमचं घर. घरात नवरा, सासू आणि मी, नंतर आमची मुलगी. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या, आणि या एका मुलावर त्यांनी सगळा जन्म काढला होता.

घोड्यांचं वेड त्यानं खुलताबादेतून आणलं. तिथं एक म्हातारे गृहस्थ होते, निजामाच्या रिसाल्यात घोडे तयार करणारे. पोलीस ॲक्शननंतर रिसाला मोडला, घोडे गेले, आणि म्हाताऱ्यांनी दर्ग्याच्या वाटेवर फुलांचं दुकान टाकलं. हा पोरवयात शेतमाल घेऊन तिकडं जायचा आणि दुकानाच्या पायरीवर तास न् तास बसायचा. "पकडो नक्को, पूछो," एवढंच ते म्हातारे त्याला शिकवायचे म्हणे. लग्नानंतर त्यानं मला हे फार कौतुकानं सांगितलं. मी म्हटलं, "मला करून आणताना मात्र कुणी विचारलं नव्हतं." तर म्हणाला, "तू मागं सरली नाहीस." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

घोडी त्यानं पाचोडच्या बाजारातून आणली. पांढरीशुभ्र, वरातीची. नाव नव्हतंच, आम्ही पांढरी म्हणायचो. आधीच्या मालकानं तिला फटाक्यांसमोर धीट करायचं म्हणून बांधून, मारून शिकवलं होतं. परिणाम असा, की डावीकडून माणूस आला की ती भिंतीवर अंग घालायची. पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमा, तोंडात लगामानं फाटलेले कोपरे. आत्याबाई तिला बघून म्हणाल्या, "ह्ये काय आणलंस रं? ह्याला तर दवाखान्यात न्यायला पायजे."

पहिले कितीतरी दिवस त्यानं तिला हात लावला नाही. वाड्यात, म्हणजे काटेरी कुंपण आणि एका बाजूला दगडी भिंत असलेल्या मोकळ्या जागेत, तो तिच्याकडं पाठ करून बसायचा आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायचा. टरफलं आपल्यासमोर, दाणे मागं. गावातले लोक रस्त्यावरून हसत जायचे. मग एके दिवशी मागचे दाणे संपलेले दिसले, आणि नंतर एकदा त्याच्या खांद्यावर तिचं नाक होतं. मला त्यात ओढलं ते तेलासाठी. लसूण आणि ओवा घालून कडवलेलं तिळाचं तेल कोमट करायचं आणि तिच्या मानेपासून कमरेपर्यंत हलक्या हातानं जिरवायचं. जखमांवर हळद आणि लोणी, कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ, सर्दी झाली की ओव्याची धुरी. मी म्हणायचे, माझी कंबर बाळंतपणात मोडली तेव्हा कुणी इतकं तेल नाही जिरवलं. पण खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायला लागलं. तळहात तिच्या बरगड्यांवर ठेवायचा आणि तिच्या श्वासाबरोबर आपला श्वास घ्यायचा, असं त्यानं मला शिकवलं. थोड्या वेळानं कुणाचा कुठला ते कळेनासं व्हायचं. तिचा खालचा ओठ लोंबायचा, ती एक लांब उसासा टाकायची आणि माझेही डोळे मिटायचे.

याची एक बाजू मात्र मला कधी सोसली नाही. मी चुलीपुढं भाकरी थापत असायचे, आणि मध्येच माझा श्वास आपोआप लांब व्हायचा, संथ व्हायचा. कारण काही नाही. मग मान वळवून बघावं तर खिडकीत तिचं पांढरं तोंड. केव्हा आली, पावलांचा आवाज कसा झाला नाही, काही कळायचं नाही. ती माझ्याकडंही बघत नसायची. माझ्या खांद्याच्या जरासं मागं, जिथं कुणी नाही तिथं बघायची. मी हातातलं पीठ झटकून ओरडायचे, "जा तिकडं." ती आपल्या सवडीनं जायची.

पांढरी पुन्हा वरातीला जायला लागली तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. तोंडात लगाम नाही, हातात चाबूक नाही, कानाशी बँड वाजतोय, आणि ही नवरदेवाला घेऊन पाण्यातून चालल्यासारखी चालते. मग तिचं नाव दुसऱ्याच गोष्टीसाठी झालं. आमच्या भागात डांग्या खोकला झालेलं लेकरू घोडीच्या पोटाखालून काढतात आणि त्याच्या हातून तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घालतात. खोकला घोडी ओढून घेते, असं मानतात. एरवी लाथेच्या भीतीनं बायका हे कसंबसं उरकायच्या. आमची घोडी तर उभी राहायची आणि पोरांच्या डोक्याचा वास घ्यायची. बाजारच्या दिवशी दुपारी कडेवर पोरं घेतलेल्या बायका कुंपणापाशी बसलेल्या असायच्या. मी प्रत्येकीला सांगायचे, बाई गं, दवाखान्यात ने. त्या मान हलवायच्या आणि बसून राहायच्या. माझा नवरा कुणाला नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. फक्त नियम तोच: घोडी पुढं आली तर, नाहीतर नाही.

आणि एका दुपारी ती आली नाही. एक बाई मुलाला घेऊन उभी होती, मुलगा तसा शांत होता, खोकतही नव्हता. पांढरीनं मान वर केली, नाकपुड्या मोठ्या केल्या आणि एक पाऊल मागं टाकलं, मग आणखी एक, थेट भिंतीला टेकेपर्यंत. नवरा म्हणाला, "आज नाय, बाई. ती नाय म्हणतीया." बाई रडत गेली. चार-आठ दिवसांत तो मुलगा गेल्याचं कळलं. आम्ही हळहळलो आणि ती गोष्ट तिथंच ठेवली. पुढं काही महिन्यांनी दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत अगदी तसंच झालं, तसंच मागं सरणं, तशीच भिंत. ती मुलगीही गेली.

त्यानंतर आमच्या कुंपणापाशी आवाज बंद झाला. पूर्वी बायका गप्पा मारायच्या, एकमेकींच्या डाळीला नावं ठेवायच्या. आता कुणी बोलेना. बाई पुढं व्हायची, लेकरू कडेवर, आणि बाकीच्या सगळ्या घोडीच्या खुरांकडं बघत बसायच्या. घोडी पुढं आली की सगळ्यांचा मिळून एक श्वास सुटायचा, तो मला आत चुलीपाशी ऐकू यायचा. पोटाखालून काढायचं आता निमित्त उरलं होतं. त्या विचारायला येत होत्या. मी नवऱ्याशी कडाडून भांडले. म्हटलं, "हे बंद करा. ही घोडी आहे की यमाची कारकून?" तो म्हणाला, "मी कुणाला बोलवाया जात नाय." मी म्हटलं, "पण दारही लावत नाही." तो उठून वाड्यात गेला. भांडणातून उठून जाणं ही त्याची जुनी खोड होती.

मग आमच्याच मुलीला तो खोकला लागला.

ज्यांनी तो ऐकलाय त्यांना सांगायला नको. लेकरू खोकत जातं, खोकत जातं, श्वास घ्यायला जागाच मिळत नाही, चेहरा निळा पडतो, आणि शेवटी आत ओढलेल्या हवेचा तो शिट्टीसारखा आवाज येतो. पोरगी अजून बोबडं बोलत होती. शहरातल्या डॉक्टरचं औषध सुरू होतं, पण उतार पडत नव्हता. आत्याबाई रोज म्हणायच्या, "घोडीखालून काढ गं. दारची घोडी हाय आपल्या." मी म्हणायचे, नाही. त्यांना वाटायचं मी शहरातली म्हणून नाक मुरडते. खरं कारण वेगळं होतं. मला घोडीचं उत्तर नको होतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती त्या खुरांची होती.

त्याच आठवड्यात पांढरी नवऱ्याच्या हातचं खाईना. दाणे पुढं केले तर मान फिरवायची. माझ्या हातून मात्र खायची. तो म्हणाला, "पोरीला घेऊन बसतो ना सारखा, तिच्या दुखण्याचा वास येत असल माझ्या कपड्याला." मलाही ते पटलं.

एका दुपारी पोरीचा खोकला थांबेचना. तिचे डोळे वर गेले. आत्याबाईंनी आकांत मांडला. नवऱ्यानं मला काही न विचारता पोरीला माझ्या मांडीवरून उचललं आणि वाड्यात गेला. मी पाठोपाठ धावले आणि कुंपणाच्या फाटकाशी थबकले, कारण तो आधीच उभा राहिला होता. पोर कडेवर, दुसरा हात मोकळा, खांदे सैल. त्यानं श्वास सोडलेला मला दिसला. ऊन भाजून काढत होतं, सावली कशाचीच नव्हती. पांढरीनं मान वर केली.

ती त्याच्याकडं बघत राहिली. एरवी त्याची चाहूल लागली की ती खिंकाळायची. आता तिच्या अंगावरची कातडी थरथरत होती, माशा उडवताना थरथरते तशी, पण एकही माशी नव्हती. मग तिनं पाऊल मागं टाकलं, आणि आणखी एक. तिची पाठ भिंतीला घासली तरी ती मागंच रेटत राहिली, इतकी की भिंतीची माती खाली पडली. स्टेशनात गाडी शिरली, तिचा धडधडाट झाला, थांबला, आणि या एवढ्या वेळात आमच्यातलं कुणी हललं नाही.

"धर तिला!" आत्याबाई ओरडल्या. "व्हटाला दोरीचा फास लाव, पन धर!"

"नाय," तो म्हणाला. पाठ फिरवून तो फाटकाकडं आला. पोर त्याच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला त्याचा संताप आला, कारण त्यानं तिला मेलेली धरलं होतं.

मी पोरगी त्याच्या हातातून हिसकावली. चादरीत गुंडाळली आणि रस्त्यावर जाऊन टांगा केला. शहरातल्या सरकारी दवाखान्यात तिला भरती केलं आणि तिच्या खाटेखाली माझं अंथरूण टाकलं. तो रोज जेवण घेऊन यायचा. खाटेशी जमिनीवर बसायचा, पोरीचं पाऊल मुठीत धरायचा आणि तिच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायचा, घोडीजवळ बसतो तसा. एकदा म्हणाला, "ती खोटं बोलत नाय गं."

मी म्हटलं, "मग मी बोलते. पोरगी जगणार आहे."

आणि पोरगी जगली. खोकला मोकळा झाला, उलट्या थांबल्या, तिनं एका सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईकडं बोट दाखवून तिची भाकर मागितली. मी तिथल्या तिथं हुंदके देऊन रडले. आम्ही टांग्यानं घरी आलो तेव्हा निम्मं गाव दारात. आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळला, नातीचे इतके मुके घेतले की ती वैतागली. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "घोडी चुकली!" आणि सगळे हसले. तोही हसला, कितीतरी दिवसांनी. मला तर आनंदाचं भरतं आलं होतं. मी वाड्याच्या कुंपणाशी गेले आणि पोरीला उंच धरून पांढरीला म्हटलं, "बघ, भवाने, बघ." पांढरी आली. शांतपणे, नेहमीसारखी आली, आणि तिनं पोरीच्या डोक्याचा वास घेतला. तिला थोपटायला पुढं केलेला माझा हात मात्र हवेतच राहिला. मागून नवरा येत होता, आणि त्याच्या चपलांचा आवाज येताच ती वळून भिंतीकडं निघून गेली होती.

मी त्यावर विचार केला नाही. त्या दिवशी कुणीच केला नसता.

तीन-चार दिवस गेले असतील. तो दुपारी रानात पाणी धरायला गेला होता. गड्यानं त्याला बांधावरच्या लिंबाखाली बसलेला पाहिला, हात मोकळे, खांदे सैल, मान जराशी खाली. गड्याला वाटलं, कुठल्या तरी जनावराची वाट बघत बसलाय. म्हणून तो बिचारा आवाज न करता लांबून गेला. पाणी चारी फोडून रस्त्यावर यायला लागलं तेव्हा लोक बघायला गेले. डॉक्टर म्हणाले, काळीज आधीपासून दुबळं असणार, बाहेरून कळत नाही.

गावानं आपला हिशेब लावला. त्यानं घोडीजवळ पोरीच्या बदल्यात आपला जीव ठेवला, असं बायका बोलायला लागल्या. आत्याबाईही तेच म्हणायच्या, "त्यानं पोरीवरचं अंगावर घेतलं." त्यांना त्यात थोडा आधार होता, म्हणून मी कधी वाद घातला नाही. पण त्याचे सदरे धुवायला काढले तेव्हा मला सगळं नीट दिसलं. पोर त्याच्या कडेवर होती, म्हणून आम्ही सगळे पोरीकडं बघत होतो. घोडीच्या समोर दोघं उभी होती. ती कुणापासून मागं सरली हे आम्ही तिला विचारलंच नाही. मला तिचा राग आला. तिनं तो आठवडाभर त्याच्या हातचं न खाऊन सांगितलं होतं. पण सांगून तरी काय उपयोग, ते कुणी सांगेल का मला?

तेराव्यानंतर माझा दीर म्हणाला, घोडी पाचोडला नेऊन विकू. चुलतदीर तो, कारभार बघायला आलेला. पण तिला दावं लावायला कोण जाणार? तिच्या समोर उभं राहायची कुणाची छाती होईना. मोठमोठे बाप्ये कुंपणापासून लांबून जायचे, तोंड दुसरीकडं करून. मीही कडबा भिंतीवरून टाकायचे आणि बादली फाटकातून सरकवून मान खाली घालून परत फिरायचे. पोरगी हट्ट करायची, "पांढलीकडे." मी तिला घट्ट धरून घरात न्यायचे. आत्याबाई जेवत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. मुलगा गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून एक टिपूस आला नव्हता. दिवसभर उंबऱ्यात बसून वाड्याकडं बघत राहायच्या.

एका दुपारी मी भाकऱ्या करत होते आणि उंबरा रिकामा दिसला. खिडकीतून पाहिलं तर आत्याबाई वाड्यात उभ्या. न्हालेल्या होत्या, केस ओलेच बांधलेले, अंगावर धुतलेलं लुगडं. हात मोकळे सोडलेले. घरचा नियम त्यांनाही पाठ होता. त्यांचे म्हातारे खांदे खाली आलेले मला दिसले, आणि त्या काय विचारायला आल्यात ते मला एकदम कळलं. मी तशीच पिठाच्या हातानं धावले. फाटकाशी आले आणि पाय थांबले. हाक मारली असती तर घोडी बिचकली असती. माझ्या आवाजानं तिनं एक पाऊल मागं टाकलं असतं आणि आत्याबाईंनी ते आपलं म्हणून घेतलं असतं. मी पदर तोंडात कोंबला.

पांढरीनं मान वर केली. किती वेळ ती तशी होती, मला सांगता येणार नाही. रानात एक पाखरू ओरडत नव्हतं. मग ती हलली. एक पाऊल, मग दुसरं, सावकाश, पुढं. आत्याबाईंच्या छातीला तिनं आपलं कपाळ टेकवलं आणि डोळे मिटले.

आत्याबाईंनी तिला दोन्ही हातांनी ढकललं. "मागं सर," त्या म्हणाल्या. "मागं सर की गं. माजं काय ऱ्हायलंय इथं? मला कशाला जवळ करतीस?" त्यांनी तिच्या मानेवर मुठी मारल्या, पण त्या मुठींत जोर नव्हता. पांढरी जागची हलली नाही. शेवटी आत्याबाई तिच्या पायांशी खाली बसल्या आणि मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा गळा काढून रडल्या.

त्यानंतर त्या पुष्कळ वर्षं जगल्या.